रिकाम्या घराचा भाडेकरू

पालिकेच्या कर भरायच्या कचेरीत पंखे भरपूर असतात, पण चालू पंखा नेहमी दुसऱ्याच्या डोक्यावर असतो. मला विचारा. तो सगळा उन्हाळा मी दर मंगळवारी तिथल्या बाकावर काढला. बाणेरहून दोन बस बदलून स्वारगेटला उतरायचं, तिथून गुडघे सांभाळत कचेरी गाठायची, आणि टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत म्हणायचं, "पुन्हा आपण?"

"पुन्हा मीच. दुसरं कोणी हवं होतं का तुम्हाला?"

"नाही, नाही. बसा. बाक सर्वांसाठीच आहे."

असा आमचा संवाद. पुण्यात याला आपुलकी म्हणतात.

मी शैला ओव्हाळ. अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. ट्रंक कॉल जोडून देण्यापासून सुरुवात केली, आणि लोकांच्या खिशात मोबाइल आले तेव्हा खात्यानं मला नारळ दिला. जन्म तक्रारी ऐकण्यात गेल्यामुळे समोरचा माणूस टाळतोय की नाही, हे मला बरोबर कळतं. टेबलामागचे गृहस्थ टाळत नव्हते, आणि हीच माझी अडचण होती. ते अगदी नियमानं बोलत होते.

भांडण असं होतं. पर्वतीच्या पायथ्याशी आमचं दोन खोल्यांचं घर आहे, टेलिफोनवाल्यांच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. घर माझ्या नावावर. कर्ज माझ्या पगारातून फिटलं हे एक, आणि आमच्या ह्यांनी हट्ट धरला हे दुसरं. हे म्हणजे माझे यजमान, संभाजी. खडकीच्या कारखान्यात फिटर होते. घराचे कागद करायच्या वेळी म्हणाले होते, "आपल्या सात पिढ्यांत बाईच्या नावावर चूलसुद्धा नव्हती. घर तुझ्या नावावर होऊ दे." त्या दिवशी मी रजिस्ट्रारच्या जिन्यात रडले होते. आता सांगायला लाज कसली.

मग आमचा मुलगा धम्मदीप हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. लग्न झालं, साई झाला, आणि त्यानं बाणेरला मोठा थोरला फ्लॅट घेतला. सातवा मजला, दोन लिफ्ट, खाली पोहायचा तलाव. प्यायचं पाणी मात्र टँकरचं. "आई, आता तुम्ही दोघंच तिकडे कशाला? साईलाही आजी-आजोबा मिळतील," असं म्हणाला. सून पूर्वाही गोड बोलली, आणि ती मनापासून बोलली, खोटं का सांगू? आम्ही जुन्या घराला कुलूप लावलं, एक किल्ली समोरच्या मंदाकिनीकडे ठेवली, आणि बोऱ्या-बिस्तर उचलून बाणेरला गेलो.

त्यानंतर जे कराचं बिल आलं ते बघून मला वाटलं, चुकून खालच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचंच आपल्याला आलं. आकडा जवळजवळ दुप्पट. कचेरीत गेले तेव्हा खुलासा झाला. मालक स्वतः राहत असेल, किंवा घर नुसतं बंद असेल, तर करात सवलत असते. भाडेकरू ठेवला की सवलत जाते. आणि आमच्या घरात भाडेकरू आहे, अशी नोंद झाली होती.

"भाडेकरू?" मी म्हटलं. "अहो, घर बंद आहे. आमच्या घरात एव्हाना झुरळंसुद्धा उपाशी मेली असतील."

"बाई, पेठ निरीक्षक पाहणीला गेले होते. दार उघडं होतं. आत माणूस होता."

"कोण माणूस?"

"ते त्यांनाच माहीत. 'मालक मी नाही', असं त्या माणसानं स्वतः सांगितलं. आता मालक नसलेला माणूस दुसऱ्याच्या घरात बनियनवर बसलेला असेल, तर त्याला आम्ही काय म्हणायचं, पाहुणा?"

मला त्या निरीक्षकांनाच गाठायचं होतं, तर ते मतदार याद्यांच्या कामावर गेलेले. म्हणून दर मंगळवारी खेप. मंगळवार अशासाठी की त्या दिवशी साईला सांभाळायला हे घरी थांबत. एरवी हे सकाळी पोळी-भाजी खाऊन, खांद्याला कापडी पिशवी लावून जे बाहेर पडत ते चार-पाचला परत. विचारलं तर म्हणत, "फिरून येतो." मला वाटायचं, बाणेरच्या टेकडीखाली म्हाताऱ्यांचा अड्डा असतो, तिथे बसत असतील. पुरुषांचं बरं असतं. त्यांना निवृत्ती मिळते. मला खात्यातून मिळाली आणि स्वयंपाकघरात पुन्हा नेमणूक झाली. नातू गोड आहे हो, पण गोड झालं तरी माणूस दिवसभर किती खाईल? सकाळी मुलगा-सून कंपनीच्या बसमध्ये बसले की सातव्या मजल्यावर मी आणि साई. खिडकीतून खाली बघितलं की माणसं दिसायची, हाक ऐकू जाईल इतकी जवळ नसायची. संध्याकाळी लिफ्टमध्ये बायका भेटत, त्या हसत, मीही हसे. जिना असता तर दोन शब्द तरी झाले असते.

पण हे मी कोणाला बोलले नाही. मुलानं हौसेनं घर घेतलं, आणि आपण नाक मुरडायचं? शोभत नाही.

एका रविवारी धम्मदीपनं विषय काढला. "आई, किती खेपा घालणार? प्लीज, इट्स नॉट वर्थ इट. ते घर विकून टाकू. खालच्या डॉक्टरांना हवंच आहे ते. माझं लोनही थोडं हलकं होईल."

"विकायला काय झालंय? जागेचे भाव वाढतायत. गुंतवणूक म्हणून राहू दे," मी म्हटलं. गुंतवणूक! आयुष्यात हा शब्द मी पहिल्यांदाच वापरला असेल.

"पण दुप्पट टॅक्स भरून बंद घर ठेवणं ही गुंतवणूक नाही, आई. एक करू. दिवाळीपर्यंत तुला हे नीट करून आणता आलं तर ठेवू. नाहीतर डॉक्टरांना हो म्हणू. डील?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, एक शब्द तरी बोलतील. हे साईच्या मोटारीचं चाक बसवत होते. चाक बसवून झाल्यावर मान वर न करता म्हणाले, "भरून टाक ना, शैला. कर तर कर."

मला असा संताप आला! घर माझ्या नावावर करायला हट्ट धरणारा माणूस हाच का? पण हे असेच. आमच्याकडे रोज सकाळी पंचशील होतं, आणि त्यातलं खोटं न बोलण्याचं शील ह्यांनी इतकं मनावर घेतलंय की माझ्या डोक्याला ताप. लग्नघरी कोणी विचारलं, जेवण कसं झालं, तर हे म्हणणार, भात कच्चा होता. दारात वर्गणीवाले आले आणि मी आतून 'घरात नाहीत' अशी खूण केली, तर हे म्हणणार, 'आहे, पण तिला तुम्हाला भेटायचं नाही.' अशा माणसाशी संसार केलाय मी.

तर दिवाळीपर्यंत मुदत. टेबलामागच्या गृहस्थांनी मार्ग सांगितला. शेजाऱ्यांचं सही केलेलं पत्र आणा, की हे घर बंद असतं, इथे कोणी राहत नाही. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? मंदाकिनी आहे की.

मंदाकिनी माझी समोरच्या दारातली मैत्रीण. तिची मुलं माझ्याकडे आणि माझा मुलगा तिच्याकडे जेवून मोठा झाला. कचेरीतून मी थेट तिच्याकडे गेले, तीन जिने चढून, प्रत्येक वळणावर गुडघ्यांची माफी मागत. तिनं चहा केला, चकली काढली. पत्राचं नाव काढलं मात्र, आणि ती उठून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

"अगं, माझं अक्षर कुठे चांगलं आहे?"

"मी लिहिते. तू फक्त सही कर."

"ह्यांना विचारते."

"मंदा, तू तुझ्या ह्यांना विचारून आजवर कोथिंबिरीची जुडीसुद्धा आणली नाहीस."

ती हसली नाही. टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली आणि म्हणाली, "शैला, भरून टाक ना ग कर. उगाच उकरून काय मिळणार आहे?"

मी तशीच उठले आणि समोरचं आमचं कुलूप उघडलं. मनात म्हटलं, बघू तरी.

घर रिकामं नव्हतं. फरशी झाडलेली होती. माठ भरलेला होता, खडकवासल्याचं ते गार पाणी. कोपऱ्यात त्या आठवड्याचं वर्तमानपत्र होतं आणि ओट्यावर धुतलेला कप उपडा घातलेला होता, खाली कागदाची घडी ठेवून. आतल्या खोलीतलं कपाट मात्र बंद होतं, आणि त्याची किल्ली काही माझ्याकडे नव्हती. म्हणजे कचेरीतला माणूस खरं बोलत होता. इथे कोणीतरी येत-जात होतं. आणि किल्ली मंदाकिनीकडे.

स्वारगेटच्या थांब्यावर उभी राहून मी काय काय मनात आणलं ते आज आठवलं तरी वाईट वाटतं. एमपीएससीची मुलं असतील. खोल्यांना काय कमी मागणी आहे? दिवसा अभ्यासाला बसवली असतील आणि पैसे आपल्या खिशात. माझ्या मुलाला जिनं घास भरवले ती बाई! जाब विचारायची छाती नव्हती. विचारलं आणि ते खरं निघालं, तर मग घर राहूनही काय उपयोग? बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले. रडूसुद्धा आलं नाही, इतकी दमले होते.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "अहो, आपल्या घरात कोणीतरी राहतंय."

"राहत नाही ग कोणी," हे म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत? मी डोळ्यांनी बघून आले."

"राहत नाही, शैला," एवढं बोलून हे गॅलरीत जाऊन उभे राहिले. अंगात आदल्या दिवशीचाच सदरा होता, आणि त्याला कसलासा जळका वास येत होता. मला वाटलं, टेकडीखाली पालापाचोळा पेटवतात, त्याचा असेल. बाही बोटभर जळलेली दिसली, तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मंदाकिनीचा राग डोक्यात इतका भरला होता की दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

दसऱ्याच्या आधी निरीक्षक परत आले. बद्रीनाथ ठोंबरे नाव. वाशिमकडचे, वयानं धम्मदीपएवढेच, वागायला फार अदबशीर. मी सगळं सांगितलं, फक्त माठ आणि कप सोडून. म्हणाले, "बाई, शनिवारी मी पुन्हा येतो. तुम्ही समक्ष हजर राहा. घर रिकामं दिसलं तर तसं लिहितो, माणूस दिसला तर तसं. माझं काही भांडण नाही तुमच्याशी."

शनिवारी पूर्वा घरी असते. तिला सांगितलं, साईला बघ. ह्यांना मात्र सांगितलं नाही, कारण हे पुन्हा 'भरून टाक' म्हणाले असते आणि मी काहीतरी फेकून मारलं असतं. हे नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन बाहेर पडले, त्यानंतर तासाभरानं मी. मंदाकिनीला खबर लागून तिनं त्या अभ्यासाच्या पोरांना हलवू नये, म्हणून तिलाही फोन केला नव्हता. जो कोणी आत असेल त्याला मी आज धरणार होते, आणि हातानं बाहेर काढणार होते. मग मंदाकिनीचं आणि माझं जे व्हायचं ते होवो. घर तरी वाचेल.

ठोंबरे फाटकाशी उभेच होते. आम्ही जिना चढायला लागलो. पहिल्या वळणावर मी टेकले, तेव्हा ते म्हणाले, "सावकाश, बाई. मागच्या वेळी मीही दमून गेलो होतो. मग त्या आजोबांनी चहा पाजला. गवती चहा टाकून."

"आजोबा?"

"हो ना. तुमच्या घरातले. चांगले म्हातारे होते. मी विचारलं, मालक आपणच का? तर म्हणाले, मालक मी नाही. मग म्हटलं, भाडं किती देता? तर नुसते हसले. लोक भाडं सांगत नाहीतच म्हणा."

दुसऱ्या वळणावर मी पुन्हा टेकले. या वेळी गुडघ्यांमुळे नव्हे. गवती चहाची कुंडी गॅलरीत मीच लावली होती, आणि ती वर्षभर बिनपाण्याची जगली नसती. धुतलेल्या कपाखाली कागदाची घडी घालणारा माणूस या पुण्यात एकच आहे, आणि त्याच्याशी माझं लग्न झालेलं आहे. मी तो कप बघितला होता की! हातात घेऊन बघितला होता. रागात माणसाचे डोळे फुटतात ते असे.

तिसऱ्या मजल्यावर आमच्या दाराबाहेरच रेडिओ ऐकू आला. आणि वास आला, राळ जळाल्याचा. हा वास मी संसारभर नाकात घेतलाय. ह्यांना रेडिओ दुरुस्त करायचा नाद. कारखान्यातून आले की बुधवार पेठेत जाऊन सुटे भाग आणायचे आणि रात्री जेवणं झाली की तारा जोडायची तापलेली डागणी घेऊन बसायचं. आळीतल्या सगळ्यांचे रेडिओ आमच्याकडे आजारी म्हणून येत. बाणेरला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात पूर्वा एवढंच म्हणाली होती, "बाबा, या धुराचा साईला त्रास नाही ना होणार?" हे लगेच म्हणाले होते, "नाही, बंद करतो." आणि सगळा पसारा खोक्यात भरून ठेवला होता. ते खोकं नंतर मी पाहिलं नव्हतं, आणि कुठे गेलं असं विचारलंही नव्हतं.

दार लोटलेलंच होतं. मी ढकललं.

हे बनियनवर, जमिनीवर मांडी घालून. पुढ्यात कोणाचा तरी उघडा रेडिओ, नाकावर चष्मा, हातात डागणी. मला पाहून चेहरा असा झाला, की साईच्या हातून काचेचं काही फुटलं की त्याचा होतो तसा.

ठोंबरे आनंदानं म्हणाले, "नमस्कार आजोबा! बाई, हेच तुमचे भाडेकरू."

"भाडेकरू कसले," मी म्हटलं. "हे माझे यजमान आहेत."

ठोंबऱ्यांनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग भिंतीकडे पाहायला लागले. भिंतीवर काही नव्हतं, फोटो आम्ही बाणेरला नेले होते.

"अहो, तुम्ही यांना मालक नाही असं सांगितलंत?" मी विचारलं.

"नाहीच आहे," हे म्हणाले. "घर तुझ्या नावावर आहे. त्यांनी विचारलं मालक का, मी म्हटलं नाही. खोटं कसं बोलू?"

"मग मालकिणीचा नवरा आहे म्हणून सांगायचं!"

"ते त्यांनी विचारलं नाही."

मी डोक्याला हात लावला. "आणि मला? मी उन्हाळाभर दोन-दोन बस बदलून मरत होते. दर मंगळवारी त्या बाकावर बसून अपमान गिळत होते. बिल का आलं ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"बिल आल्यावर कळलं."

"आणि तरी गप्प? गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे, हे कुठल्या शीलात लिहिलंय?"

ह्यांनी डागणी खाली ठेवली. बटण बंद केलं. रेडिओही बंद केला. "सांगितलं असतं तर धम्मदीपला कळलं असतं," हे हळू म्हणाले. "त्यानं एवढं घर केलं. बापाला तिथे करमत नाही, हे त्याला कसं सांगायचं? पूर्वाला वाटलं असतं, ती बोलली म्हणून. आणि तू... तू तिथे रमली होतीस. तुला कशाला ओढू?"

"मी रमले होते?"

"लिफ्टमध्ये बायकांशी हसत असतेस की."

इतका वेळ आवरलं होतं, ते आता आवरलं नाही. परक्या माणसासमोर मी रडले. "अहो, मी लिफ्टमध्ये हसते कारण लिफ्टमध्ये दुसरं काय करतात? मला कंटाळा येतो तिथे. सकाळी सगळे गेले की मला त्या खिडकीची भीती वाटते. मी हे घर का धरून बसले होते? गुंतवणूक म्हणून? मला परत यायचं होतं हो. पण तुम्ही रोज शीळ घालत फिरायला जायचात, मला वाटलं तुम्ही सुखात आहात."

समोरचं दार किलकिलं झालं होतं. मंदाकिनी पदरात हात गुंडाळून उभी होती. "मला बोलू नकोस हं, शैला," ती म्हणाली. "भाऊजींनी शपथ नव्हती घातली, पण नवरा-बायकोच्या मध्ये मी कशाला पडू? खोटी सही मात्र मी करणार नव्हते. त्यांना घरात बघून वर 'घर बंद असतं' असं कसं लिहू?"

ही पण! सगळी सत्यवादी माणसं माझ्याच वाट्याला आलीत. तिच्याकडे बघायची मला लाज वाटली. मनात तिला मी काय काय म्हटलं होतं ते तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगणारही नव्हते. शील ह्यांचं कडक आहे, माझं बेताचं.

ठोंबऱ्यांनी घसा साफ केला. "बाई, हे तर सोपं झालं. यजमान राहतात म्हणजे मालकाचंच कुटुंब राहतं. तसं लिहितो, पुढची सवलत चालू होईल. मागचं बिल मात्र भरावं लागेल, ते आता मागे जात नाही."

"भरते," मी म्हटलं. शेवटी ह्यांचंच खरं झालं.

"मग लिहू? आजोबा इथे राहतात ना?"

"नाही," हे म्हणाले.

"अहो!"

"मी दिवसा असतो. रात्री बाणेरला झोपतो. राहतो असं कसं म्हणू?"

ठोंबऱ्यांचं पेन थांबलं. "मग अवघड आहे. येऊन-जाऊन असणं म्हणजे राहणं नव्हे. मुक्काम पाहिजे. रिकामं म्हणावं तर रिकामं नाही, आणि राहतं म्हणावं तर राहत नाहीत. मी काय लिहायचं, तुम्हीच सांगा."

मी खोलीकडे पाहिलं. दोन खोल्या, माठ, एक कप. ना गादी, ना गॅस. ह्यांचा चहा स्टोव्हवर व्हायचा. मला सातव्या मजल्यावरचा साई दिसला, दुपारी मांडीवर झोपताना माझ्या पदराचं टोक मुठीत धरतो तो. पाळणाघर बघावं लागेल. पूर्वाची धावपळ होईल. धम्मदीप आधी चिडेल, मग दुखावेल, आणि त्याचं दुखावणं त्याच्या चिडण्याहून वाईट असतं. हे सगळं मला दिसत होतं. दिवाळीला डॉक्टर पेढे घेऊन येतील, हेही दिसत होतं.

"मुक्काम आहे," मी म्हटलं. "आजपासून आहे. लिहा."

"आजोबांचा?"

"दोघांचा."

ह्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "शैला, गादी नाही इथे."

"मंदाकडे आहे. तिच्याकडे माझ्या दोन गाद्या दहा वर्षं पडल्यात, परत करायचं नाव काढत नाही."

"ने बाई, घेऊन जा एकदाच्या," मंदाकिनी दारातून म्हणाली, आणि डोळे पुसत आत गेली.

ठोंबऱ्यांनी लिहिलं आणि कागद ह्यांच्यापुढे धरला, तर ह्यांनी हात मागे घेतला. "मालक मी नाही. सही हिची." मी ओट्यावर कागद ठेवून सही केली. सही माझीच आली, टेलिफोन खात्यातली, खाली रेघ मारलेली.

ठोंबरे गेल्यावर मी बाणेरला फोन लावला. पूर्वानं उचलला. मागे साई काहीतरी आपटत होता. मी तिला सगळं सांगितलं नाही, सुचेल तेवढं सांगितलं. बाबा इकडे रेडिओ दुरुस्त करताना सापडले, कराचं काम झालं, आणि आम्ही दोघं आता इकडेच राहू. रोज सकाळी पहिल्या बसनं येईन म्हटलं, पाळणाघर मिळेपर्यंत साईचं मी बघेन, संध्याकाळी परत येईन. तिनं साईला हातातलं खाली ठेवायला सांगितलं.

"आई," ती मग म्हणाली, "मी त्या धुराचं बोलले म्हणून का?"

"नाही ग. तू काही चुकीचं बोलली नव्हतीस."

"मग आज जेवायला येताय ना? मी तुमच्या दोघांच्या पोळ्या केल्यात."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे डागणी कापडात गुंडाळून ठेवत होते, आवाज होऊ नये अशा बेतानं. मला खोटं बोलता आलं असतं. येतो म्हणून मग गुडघे दुखतात असा फोन करता आला असता.

"नाही ग, बाळ," मी म्हटलं. "त्या पोळ्या झाकून ठेव. उद्या सकाळी आल्यावर मी खाईन."